शून्य मेगाबाइट

नारिन प्रांताच्या डोंगरातल्या एका तालुका पशुवैद्यकीय कार्यालयात मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी पुढील आदेश निघाला: यापुढे लसीकरणाची प्रत्येक नोंद स्क्रीनशॉटनिशी सिद्ध करावी, स्क्रीनशॉट नसल्यास लस टोचलीच नाही असे समजावे.

मेंढ्यांचं मत विचारण्यात आलं नव्हतं.

पशुवैद्य बुरुलचाने आदेश वाचला तेव्हा म्हातारे मेंढपाळ इशेनकुल आबा तिच्या समोरच बसले होते. त्यांच्या तीनशे मेंढ्यांना तिने एप्रिलमध्ये गुडघाभर चिखलात उभं राहून स्वतः लस टोचली होती. आता नोंद झाली की परवाना, परवाना मिळाला की नाका, आणि नाका ओलांडला की वरचं उन्हाळी कुरण. खाली गावात गवताची काडी उरली नव्हती. मेंढ्या कार्यालयाच्या आवारात साहेबांच्या ट्यूलिपांकडे बघत उभ्या होत्या.

"दहा मिनिटं बसा आबा," बुरुलचा म्हणाली.

कार्यालयात संगणक एकच. नोंदणीचा प्रोग्राम उघडला की त्याला धाप लागे, आणि त्यावर स्क्रीनशॉटचा प्रोग्राम उघडला की पडदा गोठून जाई. चौथ्यांदा गोठल्यावर ती साहेबांकडे गेली.

"शायलोबेक मामिरोविच, मी फोनने पडद्याचा फोटो काढू का?"

"फोटो म्हणजे स्क्रीनशॉट नव्हे."

"मग कळफलकावर त्यासाठी एक बटण आहे..."

"बटण म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे, बुरुलचा. बटणाला आवृत्ती असते का? बटणाला मंजुरी कोणी दिली?" साहेबांनी चहाचा घोट घेतला. "संगणक जुना आहे, तर हलकं सॉफ्टवेअर शोधू. रीतसर तुलना करू."

रीतसर म्हणजे समिती. अध्यक्ष साहेब. भांडारपाल झैनाप एजे, म्हणजे झैनापताई, सदस्य, कारण बैठकीच्या खुर्च्या त्यांच्या ताब्यात होत्या. ड्रायव्हर ओमुर्झाक बाइके, म्हणजे ओमुर्झाकदादा, सदस्य, कारण तिसरी सही लागते. बुरुलचाला संगणक चालवता येत असल्यामुळे तिला मताधिकार नव्हता.

पाच सॉफ्टवेअर तुलनेला घेतली. पहिलं चित्रावर बाण काढून देई. दुसरं नको तो मजकूर धूसर करी. तिसरं लांबलचक पान एका दमात टिपे. चौथ्यात हसऱ्या चेहऱ्यांची अख्खी पेटी होती, आणि झैनाप एजेंनी तिथेच आपलं मत देऊन टाकलं.

"ते सोडा," ओमुर्झाक बाइके म्हणाले, "नुसतं उभं असताना किती खातं ते बघा. आपली जीप उभ्या उभ्याच पिते."

समितीच्या इतिवृत्तातला हा एकमेव तांत्रिक प्रश्न.

कोण किती मेमरी खातं याचाही पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे स्क्रीनशॉट. पहिल्याचा स्क्रीनशॉट काढायला दुसरं उघडावं लागे, दुसऱ्याचा काढायला तिसरं. दोन-दोन मिळून खाऊ लागली आणि आकडे फुगत गेले.

"म्हणजे आपण मोजतोय म्हणूनच ते वाढतंय," बुरुलचा म्हणाली.

"हे इतिवृत्तात घेऊ नका," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ट्यूलिप संपले. तिसऱ्या दिवशी एका मेंढ्याने फलकावरच्या आदेशाचा खालचा कोपरा सहीसकट खाल्ला. इशेनकुल आबा रोज सकाळी येऊन टोपी मांडीवर ठेवून बसत आणि रोज विचारत, "झाली का गं दहा मिनिटं?" बुरुलचाला त्यांच्याकडे बघवत नसे.

चौथ्या दिवशी पाचवं सॉफ्टवेअर घेतलं. बुरुलचाने ते उघडलं, पण काही झालं नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा काही नाही.

"हे चालूच होत नाहीये," ओमुर्झाक बाइके म्हणाले.

"लिहा," साहेबांचे डोळे चमकले. "मेमरी: शून्य मेगाबाइट. तक्रारी: नाहीत. गोपनीयता: अभेद्य."

क्रमांक पाच एकमताने मंजूर झालं. तक्त्यात त्याची ओळ हिरवी रंगवली, खाली तारीख आणि सही टाकली, आणि तिसऱ्या सॉफ्टवेअरने त्या तक्त्याचा स्क्रीनशॉट काढून सगळ्यांच्या फोनवर धाडला. त्यानंतर संगणक जो गोठला तो गोठलाच. कार्यालयाचा हा पहिला आणि शेवटचा सहीचा स्क्रीनशॉट.

"आणि आबांची नोंद?"

"क्रमांक पाचने स्क्रीनशॉट काढा आणि द्या परवाना."

"ते उघडत नाही, शायलोबेक मामिरोविच!"

"उघडलं तर हलकं कसं राहील?"

बुरुलचाचं डोकंच फिरलं. बाहेर येऊन तिने तक्त्याचं ते चित्र आबांच्या फोनवर पाठवलं. "नाक्यावर हेच दाखवा. तारीख आहे, सही आहे, हिरवं आहे." आबांच्या मेंढ्यांना तर खरंच लस टोचलीय, मग त्यात काय बिघडलं, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

नाक्यावरच्या शिपायाने फोन हातभर लांबून पाहिला. "स्क्रीनशॉट आहे ना? मग चला." आडवा दांडा वर गेला.

इशेनकुल आबा सरळ मनाचा माणूस. त्यांनी ते चित्र मेंढपाळांच्या फोनवरच्या गटावर टाकलं: "पोरांनो, हे दाखवलं की सोडतात." शनिवारपर्यंत त्याच एका चित्रावर अकरा कळप वर गेले. त्यांत सागिनचाही होता. एप्रिलमध्ये "माझी मेंढरं ठणठणीत आहेत" म्हणत बुरुलचावर कुत्रं सोडणारा तो हाच सागिन.

हे कळताच तिने आबांना फोन लावला. "आबा, सागिनचा कळप लांब ठेवा! त्याला लस नाही!"

"असं कसं पोरी? त्याच्याकडे तर तुझंच चित्र आहे." मागे बें-बें चाललं होतं. "सकाळपासून दोघांची मेंढरं एकाच झऱ्यावर पाणी पितायत. का गं?"

बुरुलचाने फोन ठेवला. तिने तालुक्याच्या गटावर लिहिलं: "ते चित्र लसीचं नाही, सॉफ्टवेअरचं आहे. सागिनच्या कळपाला लस दिलेली नाही. नाका ताबडतोब बंद करा."

मिनिटाभरात खाली एक्केचाळीस अंगठे आले. पहिला नाक्यावरच्या शिपायाचा होता, आणि त्याच मिनिटाला त्याने बारावा कळप वर सोडला. साहेबांनी अंगठ्यासोबत लिहिलं, "उत्तम काम. असेच अहवाल येऊ द्या."

त्या एक्केचाळीस जणांना नावं ठेवायला आपण मोकळे आहोतच. फक्त आज सकाळी गटावर ज्या निरोपाला तुम्ही अंगठा दिलात, त्यात काय लिहिलं होतं हो?