गच्चीवरची किटली

बकरीचं दूध काढल्याबरोबर गार करावं लागतं, नाहीतर त्याला असा काही वास लागतो की पिणाऱ्याला आपण बकरीच्या कुशीत तोंड खुपसून बसलोय असं वाटावं. तळमजल्यावरच्या घड्याळकाकांना हे पक्कं ठाऊक होतं. सड धुवायचे, धार काढायची, स्वच्छ फडक्यातून गाळायचं आणि किटली लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवायची, हा त्यांचा रोजचा नेम. घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला माणूस, काम अर्धवट सोडणं त्यांना जमायचंच नाही.

त्या दिवशी मात्र पहाटेपासून वीज गेली होती. फ्रीजमधल्या बर्फाचं पाणी झालं होतं आणि ते पाणी फ्रीजमध्ये न थांबता स्वयंपाकघरभर फिरत होतं.

"आता काय हो?" काकूंनी फरशी पुसता पुसता विचारलं. "दुपारपर्यंत टिकायचं नाही हे दूध."

"गच्चीवरची टाकी सिमेंटची आहे. आतलं पाणी गारेगार असतं. किटली दोरीने सोडतो आत."

"सगळ्या बिल्डिंगच्या पाण्यात?"

"पाण्यात कुठे? पाण्याला नुसती टेकवायची!"

"आणि अध्यक्षांना कळलं म्हणजे?"

खरी मेख तिथेच होती. मागच्याच आठवड्यात बकरीने सोसायटीच्या अध्यक्षांची वाळत घातलेली पँट एका पायापुरती खाऊन टाकली होती. "आणखी एक तक्रार येऊ द्या, बकरी बाहेर!" असं त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं. काकूंच्या पोटाला दुसरं कुठलंच दूध मानवत नसे. आणि काकांचं म्हणाल तर त्यांना त्या बकरीचा इतका लळा लागला होता की तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय त्यांना नाश्ता जात नसे. ती गेली असती तर माणूस खचलाच असता.

तरीही काका किटली घेऊन वर गेलेच. सगळं लक्ष जिन्याकडे ठेवून, टाकीत नीट न बघताच त्यांनी दोरी सोडली आणि आतल्या लोखंडी कड्याला गाठ मारली. कोमट दुधावर झाकण घट्ट बसवलं तर कुबट वास येतो, म्हणून झाकण त्यांनी नुसतंच वर ठेवलं. शिस्त म्हणजे शिस्त.

आता वीज नाही म्हणजे पंप नाही, आणि पंप नाही म्हणजे टाकीत नवं पाणी नाही. हे बिल्डिंगमधल्या सगळ्यांना एकदमच सुचलं. पाणी संपायच्या आत जो तो बादल्या, पातेली, अगदी फुलदाण्यासुद्धा भरून ठेवायला लागला. पाणी भराभरा खाली गेलं. इतका वेळ पाण्यावर आरामात टेकलेली किटली अधांतरी लटकली, दोरी एकाच कानाला बांधलेली असल्याने कलली आणि सगळं दूध टाकीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात रिकामं झालं.

"नळाला पांढरं पाणी येतंय!" दुसऱ्या मजल्यावरून गणिताच्या बाई किंचाळल्या.

घटकाभरात सगळी बिल्डिंग अंगणात जमली. कुणी म्हणालं पाइप सडला, कुणी म्हणालं चुना. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ गालावरून हात फिरवत म्हणाले, "मी तर दाढी केली त्याने. काय मऊ लागतंय हो!"

"मऊ काय मऊ!" बाई कडाडल्या. त्यांच्या हातात त्या पाण्याने भरलेली बाटली होती. "ही मी आत्ताच्या आत्ता तपासायला नेते. कुणी काय कालवलंय ते कळू दे. मग मी आहे आणि तो आहे!"

काका हळूच बकरीला झाकून उभे राहिले. मागे बकरी निवांत ओरडली, तेही त्यांना पुराव्यासारखं वाटलं.

"थांबा, आधी टाकी बघू," अध्यक्ष घाईघाईने म्हणाले. "मी वर जाऊन येतो."

"छे, छे, तुम्ही कशाला? मी जातो ना."

"तुमचे गुडघे दुखतात, काका."

"आज अजिबात दुखत नाहीयेत!"

दोघेही एकदमच जिन्याला लागले. प्रत्येक वळणावर एकमेकांकडे बघून गोड हसत होते आणि पुढच्या पायरीसाठी कोपराने ढकलत होते. गच्चीवर पोचताच दोघांनी धावत जाऊन टाकीत हात घातला. काकांच्या दोरीला रिकामी किटली आली. अध्यक्षांच्या दोरीला बिअरच्या दोन बाटल्या आल्या, दुधाने माखलेल्या.

"डॉक्टरांनी बंद केलीय ना तुमची?" काकांनी विचारलं.

"डॉक्टरांनी नंतर. बायकोने आधीच." अध्यक्षांनी कपाळावरचा घाम पुसला. "ही किटली..."

"कसली किटली? आणि कसल्या बाटल्या?"

"शहाणे आहात."

तेवढ्यात काकांना टाकीत आणखी एक दोरी दिसली. "ही कुणाची हो?"

जिन्यात पावलं वाजली. दोघे टाकीच्या मागे दडले. गणिताच्या बाई आल्या, तपासणीची बाटली काखोटीला मारून. इकडेतिकडे बघत त्यांनी ती तिसरी दोरी ओढली, तर वर आला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. डब्यात चॉकलेटं. बाईंना मधुमेह होता आणि घरात सुनेचा कडक पहारा. त्यांनी एक मोठं चॉकलेट तोंडात टाकलं आणि नेमक्या अध्यक्षांच्या बाटल्या एकमेकींवर खणकन आपटल्या.

बाई गर्रकन वळल्या. दोघे गुन्हेगार उभे राहिले, एकाच्या हातात किटली, दुसऱ्याच्या हातात बाटल्या. बाईंचा गाल फुगलेला. त्यांनी सगळं एका नजरेत मोजलं. मग चॉकलेट सावकाश, पुरतं चघळून गिळलं, काखेतली बाटली काढली आणि कठड्याजवळच्या कुंडीत उपडी केली.

"पाणी मी तपासलं," त्या म्हणाल्या. "चुना आहे."

"चुनाच आहे होऽ!" अध्यक्ष कठड्यावरून खाली ओरडले. "जुनी टाकी, दुसरं काय! हे पाणी कुणी वापरू नका, आम्ही ती धुवायला काढतोय. आणि हो, घड्याळकाकांच्या बकरीबद्दल यापुढे कुणाची कसलीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही!"

काकांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. ते लपवायला त्यांनी बाह्या वर केल्या आणि टाकी घासायला वाकले.

"उद्याही वीज नाही म्हणे," बाई डबा पुसत म्हणाल्या.

अध्यक्षांनी दोन्ही दोऱ्या कडेला सरकवल्या आणि कड्यावर जागा करून दिली. "काका, तुमची किटली मधे बांधत जा. कडेला पाणी जरा कोमट लागतं, मी गेले कित्येक उन्हाळे बघतोय."