बापू चौगुल्यांचं मागचं चाक

बापू चौगुल्यांनी मला चौदा महिने फसवलं. दर रविवारी, भर रस्त्यात, अकरा जणांच्या देखत. पैशात नव्हे. पैशात मला फसवेल असा माणूस कोल्हापूर जिल्ह्यात तरी नाही. असलाच तर त्याने दुकानात यावं, चहा पाजून परत पाठवीन. बापूंनी मला फसवलं ते त्यांच्या सायकलच्या मागच्या चाकातल्या हवेवरून. आणि फसवणूक उघडी पडल्यावर वर मलाच म्हणाले, "शेठ, तुमाला चिडायला काय झालं? पंक्चर माझी व्हती की!"

कसबा बावड्याच्या रस्त्याला माझं फरशीचं दुकान आहे. पंचवीस वर्षांपूर्वी ह्याच फरश्या मी दुसऱ्याच्या गोदामात डोक्यावरून वाहत होतो. गिऱ्हाईक दारात चप्पल कशी काढतं, त्यावरून ते न्हाणीघराला कुठली फरशी घेणार हे मी सांगतो. अशा माणसाला कोणी सव्वा वर्ष बनवावं आणि त्याला पत्ता लागू नये, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

सायकलवर मी हौसेने बसलो नाही. चोपन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं, "रोज पाऊण तास व्यायाम. नाहीतर तुमच्या हृदयाची गॅरंटी मी देणार नाही." मी म्हणालो, "वीस मिनिटांत बसवा." ते म्हणाले, "ही फरशी नव्हे." घासाघीस होऊन अर्ध्या तासावर आलं, पण वर दर रविवारी लांब पल्ल्याची सायकल अशी एक अट त्यांनी घुसडलीच. त्यांनीच बापूंच्या सायकल मंडळाचं नाव सांगितलं. सगळी पन्नाशीच्या पुढची माणसं. रविवारी सकाळी पंचगंगेच्या पुलाजवळ जमायचं आणि जोतिबाचा डोंगर चढून यायचा.

पहिल्याच रविवारी मी पुलावर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्या दिवशी कोणी मला 'शेठ, दमलाय, जरा थांबा' म्हणेल, त्या दिवशी मी सायकल विकणार. माझी कीव करायची नाही."

"न्हाय करत," बापू म्हणाले. "पोट साफ झालं का तेवढं सांगा."

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. आलेल्या प्रत्येकाला दोन गोष्टी विचारायच्या: झोप झाली का आणि पोट साफ झालं का. आमच्यात कुलकर्णी मॅडम म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. आयुष्यभर त्यांनी शाळेत हजेरी घेतली. आता दर रविवारी त्या पुलावर उभ्या राहून या दोन्ही प्रश्नांना खालमानेने "हो" म्हणतात.

बापू सहासष्ट वर्षांचे. अंगाने लोखंडाच्या सळईसारखे. एकतीस वर्षं बसडेपोच्या वर्कशॉपात फिटर होते. इस्त्रीची फुलपँट, तिला खाली क्लिप, भर एप्रिलमध्ये माकडटोपी आणि त्या माकडटोपीवर हेल्मेट. लांबून पाहिलं की कोणीतरी डोक्यावर पातेलं पालथं घालून पळवून नेतंय असं वाटतं.

रस्त्यात म्हैस दिसली की बापू सायकलवरून उतरतात. घंटी वाजवत नाहीत. "हिच्या दुधावर वाडलोय. हिला घंटी मारायची?" म्हैस रस्ता ओलांडून जाईपर्यंत सगळं मंडळ हातात सायकल धरून अदबीने उभं. कळप असला तर विचारूच नका. एकदा पुण्याहून एक पावणे आले होते, अंगाला चिकटून बसणारे कपडे घालून. सायकलच्या दांडीवर त्यांनी कसलंसं यंत्र लावलेलं. त्यांनी बापूंना विचारलं, "तुमचा ॲव्हरेज स्पीड काय?"

बापूंनी थोडा विचार केला. "म्हसरं धरून का सोडून?"

पावणे पुन्हा आले नाहीत. बापूंना मात्र त्याची रुखरुख लागून राहिली. "मी कायतरी वंगाळ बोललो काय ओ?" असं ते महिनाभर ज्याला त्याला विचारत होते. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

आता चाकाकडे येतो. केर्ली गाव सोडलं की जोतिबाचा चढ लागतो आणि तिसऱ्या वळणावर तो खरं तोंड दाखवतो. या तिसऱ्या वळणावर बापूंचं मागचं चाक पंक्चर व्हायचं. एखाददुसऱ्या वेळी नव्हे, दर रविवारी. मंडळाचा नियम असा, की एकाची पंक्चर ती सगळ्यांची पंक्चर. सगळ्यांनी उतरायचं.

मग बापूंचा कार्यक्रम सुरू व्हायचा. सायकल पालथी करायची. पिशवीतून प्लास्टिकचं घमेलं काढायचं. प्रत्येकाच्या बाटलीतलं थोडं थोडं पाणी त्यात जमवायचं. ट्यूब इंच इंच बुडवत बुडबुडा शोधायचा. "हितं न्हाय... हितंबी न्हाय... थांबा, बोलली! न्हाय, ती माशी व्हती." पंचवीस मिनिटं! ज्या माणसाने एकतीस वर्षं बसची चाकं उतरवली, त्याला सायकलच्या ट्यूबला पंचवीस मिनिटं लागायची आणि हे मला खटकायचं नाही. मी फक्त तापायचो. वळणावर एक मोठा दगड आहे. त्यावर बसून मी बापूंचा उद्धार करायचो. तोही लगेच नाही. शिव्या द्यायला दम लागतो. तो गोळा व्हायला पाच-सात मिनिटं जायची.

"बापू, ही सायकल हाय का चाळण?"

"काटं लई झाल्यात रस्त्याला, शेठ."

"आम्हाला बरं लागत नाहीत काटे? तुमच्याच चाकावर प्रेम हाय काय त्यांचं?"

"असंल की. जुनी वळख हाय."

घरी येऊन मी बायकोला सांगायचो, "तो बापू नसता तर एका दमात वर गेलो असतो." ती म्हणायची, "हो ना," आणि पोळी वाढायची. तिलाही सगळं माहीत होतं, हे मला नंतर कळलं. माझ्या गोळ्या कुठल्या, हे विचारायला बापू पहिल्याच आठवड्यात मी दुकानात असताना घरी येऊन गेले होते.

शेवटी मीच उपाय काढला. हवाच लागत नाही असे भरीव टायर मिळतात. इचलकरंजीला जाऊन दोन तास घासाघीस करून तसली जोडी आणली. दुकानदार शेवटी "न्या, पण पुन्हा येऊ नका," म्हणाला. बापूंच्या वाढदिवसाला पुलावर सगळ्यांसमोर ती जोडी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "आता खिळ्यांच्या अंथरुणावरनं चालवा. जन्मात पंक्चर होणार नाही!"

बापूंचं तोंड दंडाची पावती हातात पडल्यासारखं झालं. "लई खर्च केलासा," एवढंच म्हणाले. कुलकर्णी मॅडमना जोराचा ठसका लागला. मी समजलो, सगळ्यांना आनंद झाला.

पुढच्या रविवारी तिसऱ्या वळणावर बापूंची चेन पडली. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांच्या पोटरीत गोळा आला. तिसऱ्या रविवारी काहीच झालं नाही, तरी ते उतरले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "काय झ्याक दिसतोय पन्हाळा!" त्या दिवशी इतकं धुकं होतं, की मला माझं पुढचं चाक दिसत नव्हतं.

माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा किडा वळवळला. चौथ्या रविवारी मी नजर ठेवली. चढावर मी सगळ्यांच्या शेवटी असतो आणि बापू बरोबर माझ्या पुढे. तिसरं वळण आलं. बापूंनी मान वळवली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. नवरा-बायको दुकानात आली की नवरा फरशीवर हात ठेवतो आणि बघतो मात्र बायकोच्या तोंडाकडे. त्यावरून मला कळतं की सौदा कोणाच्या हातात आहे. बापूंनी तसं बघितलं. मग बुटाचं टोक चेनला लावून ती खाली पाडली आणि ओरडले, "आयला, पडली की!"

"पाडली!" मी ओरडलो. "मी बघितलं! चौदा महिने झाले, काय चाललंय काय हे?"

सगळे थांबले. कोणीच कोणाकडे बघेना. शेवटी कुलकर्णी मॅडम पुढे आल्या. "शेठ, आधी त्या दगडावर बसा. आणि ओरडायचं असेल तर सगळ्यांवर ओरडा. आम्हाला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. पहिल्या रविवारी याच वळणावर तुमचं तोंड जांभळं पडलं होतं. थांबा म्हणायची सोय तुम्ही ठेवली नव्हती. बापूंनी वॉल्व्ह ढिला केला आणि थांबवलं सगळ्यांना."

अकरा माणसं. मी पंचवीस वर्षं लोकांची तोंडं वाचून पोट भरतोय आणि या अकरा तोंडांवर मला काही दिसलं नाही. राग अनावर झाला. मी बापूंना म्हणालो, "तोंडावर सांगायचं होतं! फार तर काय झालं असतं? सायकल विकली असती. तुमचं काय गेलं असतं?"

बापू खाली बसून चेन बसवत होते. बसवली. पुन्हा पाडली. पुन्हा बसवली.

"एक मानूस गेलं असतं," ते म्हणाले. "एक गेलंय. दुसरं नगं व्हतं."

मग मान वर न करता त्यांनी सांगितलं. हे मंडळ बापूंनी एकट्याने काढलेलं नाही. ते आणि त्यांचा मेहुणा तानाजी, दोघांनी मिळून काढलं. "सायकलीचं खूळ दोघास्नीबी. डेपोत डबा बी एकत्रच. सा वर्सं झाली. ह्याच वळणावर तानाजी मागं पडला. आमी चौघं वर पोचल्यालो. मी वरनं वरडलो, 'तान्या, जमत नसंल तर बायकांच्यात जा!' समदी हसली. त्योबी हसला. वर आला, आमच्यासंगं च्या प्याला, घरला गेला. फुडच्या रविवारी आला न्हाय."

"मग?"

"मग काय. अजून न्हाय आला."

"तुम्ही गेला नाही?"

"काय तोंडानं जाऊ? आमची मंडळी राखी बांदायला जाती. मी तिला कळंब्याच्या कोपऱ्यापातूर सोडतो आन् हुबा ऱ्हातो सायकल धरून. ती येती परत. ती काय बोलत न्हाय, मी काय इचारत न्हाय." त्यांनी हाताचं काळं तेल गवताला पुसलं. "चढाला मानूस मागं पडलं की लाजतंय, शेठ. लाजलं की येत न्हाय. दम लागून कुणी जात न्हाय."

कुलकर्णी मॅडम म्हणाल्या, "बापू, त्या 'बायकांच्यात' आता मी तुमच्या सगळ्यांच्या आधी वर पोचते."

"व्हय की," बापू म्हणाले. "तानाजीला सांगायचं ऱ्हायलं तेवढं."

त्या दिवशी मी चार वेळा थांबत वर गेलो. प्रत्येक वेळी "थांबा" हा शब्द माझ्याच तोंडाने उच्चारला. फुकटात दिलेला माल सहसा परत येत नाही. हा शब्दही तोंडातून गेला तो गेला. कोणी हसलं नाही. एकाने फक्त केळं दिलं.

पण मला चैन पडेना. कोणाचं तरी भांडण अर्धवट पडलेलं मला बघवत नाही. गुरुवारी दुकान बायकोवर सोपवून मी कळंब्याला गेलो. तानाजीरावांचं घर शोधलं. गडी बापूंच्याच वयाचा, पोट थोडं पुढे. मी फरशी विकायला आलोय असं समजून ते म्हणाले, "आमाला न्हाय लागत." मी आत गेलो. सोप्यात भिंतीला सायकल टांगलेली. सहा वर्षं टांगलेल्या सायकलवर धूळ पाहिजे. नव्हती. चेनला बोट लावलं, तर बोटाला ताजं तेल लागलं.

"कोण चालवतं?" मी विचारलं.

"नातू."

नातू तेवढ्यात रांगत बाहेर आला.

मी बापूंचं नाव काढलं. तानाजीरावांनी नातवाला उचललं, आत गेले आणि बाहेर आलेच नाहीत. वहिनींनी चहा दिला. मी पंधरा मिनिटं त्या सायकलकडे बघत बसलो आणि निघालो. मला कोणी असं बसवून ठेवत नाही.

म्हणून आता लिहून विचारतो. तानाजीराव, बापू चुकले. शंभर टक्के चुकले. अकरा जणांसमोर त्यांनी ते कबूल केलंय, मी साक्षीला आहे. पण एका वाक्याला सहा वर्षं? मी आयुष्यभर भाव करतोय. हा भाव मला मान्य नाही. तुम्ही गेलात म्हणून सहासष्ट वर्षांचा फिटर माणूस दर रविवारी आपल्याच चाकातली हवा सोडत बसला, माझ्यासारख्या तोंडाळ माणसाच्या शिव्या खात बसला, का तर आणखी कोणी जाऊ नये. आणि तुम्ही इकडे चेनला तेल घालत बसलात. याचा जबाब कोण देणार? बापू देऊ शकत नाहीत, मी देणार नाही. तुम्ही द्यायचा. येत्या रविवारी सकाळी सव्वासहाला, पंचगंगेच्या पुलावर. तोंडी निरोप चालणार नाही. फोन चालणार नाही. जबाब सायकलवरून स्वतः आणून द्यायचा.