कैफियत परत केलेल्या एका गुणाची

सकल विद्यार्थीमंडळ, शिक्षकवर्ग आणि ज्यांच्या अंगातून गणिताचे भय अद्याप गेले नाही असे तमाम वडीलधारे, यांचे सेवेसी बखरनवीसाचा साष्टांग दंडवत. विशेष. आज्ञा जाहली जे, सहावी ‘ब’च्या वर्गात भागाकाराची जी मोठी मोहीम घडली तिची कैफियत साद्यंत लिहून ठेवावी, की पुढील पिढ्यांस खबर असावी. आज्ञा कोणी केली हे विचारू नये. कोणी केली नाही, आमची आम्हीच केली. याच वर्गात, याच विषयात, खुद्द आम्हांस पंचविसांपैकी नऊ गुण पडले होते, तेव्हा लेखणीत कोणाविषयी आकस आढळल्यास तो जुना समजावा. जे घडले ते लिहितो आणि थोडेबहुत पदरचे घालतो.

तर कदीम काळापासून त्या मुलुखात एक फर्मान चालत आले होते की, अपूर्णांकाने भागणे असता तो अपूर्णांक उलटा करावा आणि गुणावे. हे फर्मान कोणत्या बादशहाने काढले आणि कोणावर रागावून काढले, हे कोणास ठाऊक नव्हते. आजोबांनी उलटा केला, मग बापाने उलटा केला, मग लेकरांनी उलटा केला, आणि सर्वांस गुण मिळत गेले, म्हणून कोणी चकार शब्द काढला नाही. गणिताचे सर त्या प्रांताचे एकोणीस वर्षे किल्लेदार होते, आणि एकोणीस वर्षांत त्यांनी हजारो अपूर्णांक उलटे करविले, त्यांपैकी एकही सुलटा परत आला नाही.

त्या वर्गात डाकखात्याचे हरकारे, म्हणजे आपले पोस्टमन, यांची कन्या विद्याभ्यास करीत होती. अंगाने किरकोळ, पण एकदा गोष्ट धरली की सोडणे नाही, म्हणून घरीदारी तिला मुंगी म्हणत. आम्ही रिवाजाप्रमाणे मुंगीबाईसाहेब लिहितो. पहिल्या चाचणीत मुंगीबाईसाहेबांनी गणितात पंचविसांपैकी पंचवीस गुण घेतले आणि अव्वल नंबर काबीज केला. दुसऱ्या नंबराचे सरदार साडेचोविसांवर अडकले आणि अर्ध्या गुणाच्या शोकात त्यांनी दोन दिवस डबा घरी जसाच्या तसा परत नेला. इकडे वडील टपालाची पिशवी खांद्यास लावून निघाले आणि अडुसष्ट दारी पत्रांबरोबर लेकीचे पंचवीस गुणही वाटून आले. एके दारी पत्र द्यायचे विसरले, परंतु गुण सांगायचे विसरले नाहीत.

मुंगीबाईसाहेबांच्या मातोश्री घराच्या पुढल्या खोलीत शिवणयंत्र मांडून बसत. त्यांचे हाती कात्री, गळ्यात टेप, आणि तोंडात टाचण्या असल्याने त्या बोलत थोडे, पण बोलत ते वर्मी लागे. एके दिवशी उशांचे अभ्रे शिवण्याचे काम आले, आणि ते समयी मायलेकींत जो संवाद जाहला तो मुळाबरहुकूम देतो, कारण पुढील सर्व अनर्थ त्यातून निपजला.

“तीन मीटर लेस येणार आहे. एका अभ्र्याला पाऊण मीटर लागते. किती अभ्रे होतील गं?”

“चार.”

“एवढ्यात काढलंस? कसं?”

“पाऊण म्हणजे तीन छेद चार. तो उलटा केला आणि तिनाने गुणलं.”

“लेस कशाला उलटी करायची?” मातोश्री टाचणी काढून म्हणाल्या. “उलटी केली तरी लेस तेवढीच राहते.”

इतके बोलून त्या यंत्र चालवू लागल्या आणि विसरूनही गेल्या. परंतु मुंगीबाईसाहेबांचे काळजात तो शब्द रुतला. चाचणीत हेच उदाहरण होते, उत्तर बरोबर होते, त्याखाली सरांची लाल खूण होती. आणि आपण काय केले हे आपल्यास ठाऊक नाही, असे त्यांस प्रथमच दिसले. त्यांस लाज वाटली. पंचवीस गुण मिळून लाज वाटणे हे त्या शाळेच्या इतिहासात नवे होते.

दुसरे दिवशी मुंगीबाईसाहेब उत्तरपत्रिका घेऊन सरांचे टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि उलटा का करावा, अशी पृच्छा केली. सरांकडून जबाब आला की, नियम आहे. पुन्हा पृच्छा जाहली की, नियम का आहे. तेव्हा सरांनी आवाज चढवून, पंचवीस पडलेत ना, मग आणखी काय पाहिजे, असे फर्माविले.

“मग त्यातला एक परत घ्या, सर,” मुंगीबाईसाहेब म्हणाल्या. “मला कळल्यावर द्या.”

गुण मागावयास आलेले लोक सरांनी पुष्कळ पाहिले होते, अर्ध्या गुणासाठी रडणारे पाहिले होते, मामाकरवी रदबदली करणारे पाहिले होते. पण गुण परत घेऊन आलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मग त्यांनी बला टाळावी म्हणून प्रकरण दफ्तरी धाडिले. शाळेचे कारकून हे दफ्तरदार, त्यांनी तीन खण उचकले आणि कळविले की, गुण वाढवून घेण्याचा छापील नमुना आहे, कमी करून घेण्याचा नाही, सबब अर्जी घेता येत नाही. मग प्रकरण मोठ्या बाईंचे दरबारी गेले. मोठ्या बाई शाळेच्या मुख्य, राज्य सांभाळून असणाऱ्या आणि दूरदृष्टीच्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि निकाल दिला की, उद्या न समजलेले सगळेच गुण मुले परत करू लागली तर शाळेचा निकाल किती टक्के लागेल, याचा विचार व्हावा. या मुद्द्यास आम्हांसही आजवर उत्तर सुचलेले नाही.

येथे सरांविषयी खरे लिहिणे प्राप्त आहे. मधल्या सुटीत सर शिक्षकखोलीत एकटे बसले, कोऱ्या कागदावर तीन आणि पाऊण लिहिले, उलटा केला, उत्तर आले, आणि मग का, असे स्वतःस विचारिले. शालान्त परीक्षेत सरांस गणितात शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव होते, आणि ते दोन कुठे गेले याची हळहळ त्यांनी आजवर बाळगली होती. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांपैकी आपले किती, ही शंका त्यांस त्या दिवशी आली. चहा निवून गेला. मग सरांनी मुंगीबाईसाहेबांची उत्तरपत्रिका काढून पंचविसास पेन्सिलीने गोल केला आणि शेजारी चोवीस लिहिले, आणि तह केला की, शनिवारी प्रगतिपुस्तके भरावयाची आहेत, तोवर समजले तर गुण परत, न समजले तर गेला. समजावून कोणी सांगायचे, हे तहात लिहिले नव्हते.

ही खबर घरी पोचली तेव्हा वडिलांनी पिशवी आपटली. एक गुण गेला की नंबर दुसरा, आणि अडुसष्ट दारी पहिला सांगून ठेवलेला.

“अगं, लोक गुण मिळवायला मरतात! मी आता कुणाकुणाला काय तोंड दाखवू?”

“बाबा, मला येतं म्हणून सांगितलंत तुम्ही,” मुंगीबाईसाहेब रडत रडत म्हणाल्या. “पण मला येत नाही ना.”

वडिलांनी आपटलेली पिशवी उचलून खुंटीस लाविली. पुढे दिवसामागून दिवस मुंगीबाईसाहेबांनी किल्ल्यास वेढा दिला, कागद कापले, चित्रे काढली, खुद्द दुसऱ्या नंबराच्या सरदारांस जिन्यात गाठून विचारिले. त्यांसही येत नव्हते, आणि पहिला नंबर चालून येत असता त्यांचे सुख तेवढ्याने नासले. शुक्रवार उजाडला तरी किल्ला हलला नाही.

शुक्रवारी दुपारी मातोश्रींचे दारी खुद्द गणिताचे सर येऊन उभे राहिले. हातात पिशवी, पिशवीत घडी केलेली पॅन्ट. मुंगीबाईसाहेबांस, आणि खरे तर आपल्यासही, भागाकार समजावा म्हणून रोज मोजून कापणाऱ्या माणसाचे हात पाहावे, ही मसलत घेऊन ते आले होते. पण एकोणीस वर्षांच्या किल्लेदाराने हे तोंडाने कसे सांगावे? म्हणून, पॅन्ट लांब होते, दोन बोटे कमी करावी, असा बहाणा केला. मातोश्रींनी टेप लावला.

“सर, लांबी अगदी बरोबर आहे.”

“नाही, नाही. दोन बोटं कमी करा.”

“आखूड होईल हो.”

“होऊ द्या. मी बसतो इथेच. तुमचं हातातलं काम आधी चालू द्या.”

मग सर स्टुलावर बसले, आणि मुंगीबाईसाहेब कोपऱ्यात काज करीत बसल्या होत्या त्या त्यांस पाहून अधिकच खाली मान घालून बसल्या. लेस त्याच दिवशी आली होती, परंतु गिऱ्हाईक बाईंनी ती उरल्यासुरल्यातून आणल्याने अखंड न येता एकेक मीटरचे तीन तुकडे आले होते. मातोश्री कुरकुरल्या आणि कामास लागल्या. पहिल्या मीटरातून पाऊण कापली, पाव मीटर चिंधी उरली. दुसऱ्यातून पाऊण कापली, चिंधी उरली. तिसऱ्याचे तेच. टेबलावर तीन अभ्र्यांची लेस आणि बाजूस तीन चिंध्या. मातोश्रींनी तिन्ही चिंध्या उचलल्या, टोकास टोक लाविले आणि यंत्राखाली सरकविल्या.

“हे काय करताय?” सरांनी विचारिले.

“चौथा अभ्रा. तीन चिंध्यांचा एक तुकडा होतो. जोडात इवलंसं जातं, पण तेवढं कोण बघतंय.”

सर स्टुलावरून उठले. मुंगीबाईसाहेबांचे हातातील काजाचे काम खाली पडले.

“आई, थांब! चिंधी किती आहे?”

“पाव मीटर. दिसत नाही का?”

“मीटरचा पाव. पण अभ्र्याच्या तुकड्याचा?”

“तिसरा हिस्सा. तीन लागतात म्हटलं ना.”

“म्हणजे प्रत्येक मीटरमधून एक तुकडा, आणि वर एक तृतीयांश तुकडा,” मुंगीबाईसाहेब बोटे मोजीत म्हणाल्या. “म्हणजे चार तृतीयांश. चार छेद तीन! सर, तो उलटा आपण नाही करत. एका मीटरात मावतातच तेवढे!”

“आणि मीटर तीन,” सर म्हणाले, “म्हणून तिनाने गुणायचं.” आणि मग त्यांनी तीन चिंध्या उलटसुलट करून पाहिल्या. सरांचे डोळे भरून आले होते, असे मातोश्री सांगतात. सर म्हणतात, खडूची भुकटी गेली. गुरू आणि शिष्या एकाच दिवशी एकाच तोफेने एकाच किल्ल्यात शिरले, आणि तोफ चालविणारीस आपण किल्ला घेतला हे ठाऊकही नव्हते. त्या एव्हाना सरांच्या पॅन्टची तुरपाई घालीत बसल्या होत्या.

शनिवारी सरांनी वर्गात कागदी पट्ट्या आणि कात्र्या वाटिल्या आणि भर दरबारी कबुली दिली की, एकोणीस वर्षे जे शिकविले ते काल दुपारी समजले. मग मुंगीबाईसाहेबांस परीक्षा दिली की, दोनास दोन तृतीयांशाने भागावे, आणि उलटे काही करू नये. त्यांनी दोन सारख्या पट्ट्या घेतल्या, प्रत्येकीतून दोन तृतीयांशाचा तुकडा कापिला, उरलेली प्रत्येक चिंधी अर्ध्या तुकड्याएवढी भरली, दोन चिंध्या मिळून एक, आणि एकंदर तीन. वर्गाने गलका केला. मग मागल्या बाकावरून एक हात वर आला की, सर, माझाही एक गुण परत घ्या. मग दुसरा, मग रांग लागली, आणि त्यात दुसऱ्या नंबराचे सरदारही होते. गोंगाट ऐकून मोठ्या बाई धावून आल्या, जमिनीवरील कागदांचा खच पाहून झाडू मारण्याचा हुकूम केला, आणि जाताना एक पट्टी मुठीत लपवून घेऊन गेल्या. ते आम्ही पाहिले.

आता गुणाचे काय जाहले ते लिहितो. दफ्तरदार मोठे तत्पर, त्यांनी शुक्रवारीच प्रगतिपुस्तकात शाईने चोवीस चढविले होते आणि नंबर दुसरा लिहिला होता. सर धावत दफ्तरी गेले. वाढवून घेण्याचा छापील नमुना होताच, पण त्यात एकच कारण छापलेले होते की, तपासणाऱ्याची चूक. सरांनी सही करण्यास पेन उघडले.

“पण सर, तुम्ही चुकीचं तपासलं नव्हतंत,” मुंगीबाईसाहेब म्हणाल्या.

सरांनी त्यांचेकडे पाहिले, मग हसून पेनाचे टोपण लाविले. येणेप्रमाणे तो एक गुण कायमचा गेला, तो आजतागायत सापडला नाही.

फत्तेची नोंद येणेप्रमाणे. किल्ला भागाकार सर. खर्ची पडले: एक गुण, एक नंबर आणि दोन बोटे पॅन्ट. ती पॅन्ट सर पुढे कित्येक वर्षे घालीत राहिले, आणि दरसाल नवा वर्ग त्यांचे घोट्यांस हसे, आणि दरसाल सर त्यास पॅन्ट आखूड का हे सांगून मगच अपूर्णांक शिकवीत.

राहता राहिले वडील. सोमवारी ते पिशवी घेऊन निघाले तेव्हा तोंड उतरलेले होते. पहिल्याच दारी विचारणा जाहली की, काय हो, मुलीचा पहिला नंबर ना? वडील म्हणाले, दुसरा. आणि मग राहवेना म्हणून खिशातून मातोश्रींनी दुसऱ्या कामातली दिलेली लेसची चिंधी काढली आणि पायरीवर बसले. “पण उलटा का करतात, ते तिला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे का? नाही ना? बघा, समजा, हा एक मीटर...” अडुसष्टांपैकी एकाही दारी कोणास माहीत नव्हते. त्या दिवशी सगळ्या वस्तीचे टपाल तीन तास उशिरा पोचले, आणि कोणी तक्रार केली नाही. इति.