डिस्कवर घातलेलं नाव

बाळ सहस्रबुद्ध्यांना आजवर कोणी फसवलेलं नाही. असं त्यांचंच म्हणणं आहे. औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या ते घरी पुन्हा मोजतात. घड्याळ दुरुस्तीला टाकलं, की ते परत मिळेपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून राहतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा नवं भिंग खरंच घातलं की नाही याची खात्री म्हणून त्यांनी डॉक्टरांकडे जुनं परत मागितलं होतं.

अशा माणसाच्या फियाटचे ब्रेक बदलायची वेळ आली.

गाडी चौसष्ट सालची, वडिलांनी घेतलेली. ब्रेक जुन्या पद्धतीचे, ड्रमचे. ते दाबले, की गाडी आधी विचार करायची आणि मग थांबायची. एकदा मंडईपाशी तिने इतका विचार केला, की भोपळ्यांच्या ढिगात शिरल्यावरच तिचं मत बनलं. बायको, श्यामलाताई, शेजारी बसल्या होत्या. त्या उतरल्या, साडीवरच्या बिया झटकल्या आणि म्हणाल्या, "ही थांबायला शिकली की सांगा. तेव्हा बसेन."

आणि रिक्षा करून कर्वेनगरला घरी गेल्या. बाईंनी तीस वर्षं बँकेत काढलेली, त्यामुळे शब्द म्हणजे शब्द. बाहेरची कामं त्या आपल्या छोट्या गाडीतून करत. फियाटची किल्ली मात्र बाळरावांनी त्यांच्या हाती कधी दिली नव्हती. "तुझ्या हातात क्लच टिकायचा नाही," असं एक कारण त्यांनी लग्नापासून सांभाळून ठेवलं होतं.

पण महिन्याभरात साताऱ्याला लेकीचं, तनयाचं डोहाळजेवण होतं. तनया जन्मली तेव्हा दवाखान्यातून घरी आली ती याच फियाटमधून. तिच्या डोहाळजेवणालाही याच गाडीतून, बायकोला शेजारी बसवून जायचं, हे बाळरावांच्या मनाने घेतलं होतं. आणि मधे खंबाटकीचा घाट.

धायरीच्या भीमराव मेकॅनिकने गाडीखाली डोकं घातलं आणि बाहेर काढलं. "पुढचे ड्रम काढून डिस्क बसवू, काका. डिस्क म्हंजी तबकडी. चाकासंगं फिरती. ब्रेक मारला, की दोन्ही अंगांनी प्याड तिला चिमटीत धरत्यात. घासून घासून थांबवत्यात."

बाळराव ऐकत नव्हते. त्यांची नजर भिंतीवरच्या, सुट्या पार्टांनी भरलेल्या फळीकडे होती. "ते पार्ट कोणाचे?"

"गिऱ्हाइकांचे."

"गिऱ्हाइकं कुठायत?"

"घरी हायत की. काय पार्टांपाशी मुक्कामाला ठिवू?"

बाळरावांना उत्तर पटलं नाही. नव्या डिस्क दाखवायच्या आणि जुन्या बसवायच्या, हे या धंद्यात चालतं, असं त्यांनी ऐकलं होतं. कोणाकडून, ते आठवत नव्हतं, पण ऐकलं होतं. त्यांनी डिस्कची जोडी स्वतः विकत घेतली आणि थेट मंडई गाठली, संतोषकडे.

संतोष भांड्यांवर नावं घालतो. तनयाच्या लग्नात आहेराची ऐंशी भांडी त्यानेच केली होती. त्याने डिस्क उलटीसुलटी केली. "काका, हे कसलं ताट? मधोमध वाटी उपडी चिकटवलीय."

"ताट नाही. माझं नाव घाल. दोन्हींवर. चकचकीत जागी घाल, चोराला लांबून दिसलं पाहिजे."

"लोखंड कडक आहे. वरवरच उठेल."

"उठू दे."

"कोणाकडून, ते?"

"तुझं तू बघ," म्हणून बाळराव लिंबं घ्यायला गेले. संतोषचं यंत्र टर्रर्र करत फिरू लागलं. आडनाव सहस्रबुद्धे असल्यामुळे तबकडीला अख्खा फेरा पडला. आता गंमत अशी, की वीस वर्षं नावं घालून संतोषच्या हाताला एक सवय लागली होती. एकट्या नावावर तो हात थांबत नसे. मधल्या उपड्या वाटीवर त्याने आपोआप ओळ टाकली, 'सौ. श्यामला हिजकडून'. बाळराव आले, चष्म्याविना लांबून आपलं नाव वाचलं, आणि डिस्क रद्दीत गुंडाळून चालते झाले.

डिस्क बसेपर्यंत दोन दिवस ते भीमरावाच्या गॅरेजात उपड्या बादलीवर बसून होते. जेवणाचा डबा मांडीवर, डोळे डिस्कवर. मग गाडी अशी थांबू लागली, की ब्रेक मारायचा नुसता विचार केला तरी मागच्या सीटवरची छत्री पुढे यायची. पण बाळरावांचा अजून विश्वास नव्हता. म्हणून ते दर पन्नास पावलांवर ब्रेक तपासत. रस्ता मोकळा असला तर जास्तच, कारण मोकळ्या रस्त्यावर माणूस गाफील राहतो.

पंधरा दिवसांनी भीमरावाने बोल्ट आवळायला गाडी बोलावली. नेमकी त्या दिवशी बाळरावांची दाढ काढायची होती. गाडी अर्धा दिवस त्यांच्या नजरेआड राहिली.

अर्ध्या दिवसात काहीही होऊ शकतं. हा विचार आठवडाभर त्यांच्या उरलेल्या दाढांतून ठणकत होता. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी त्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक लावला, पुढचं एक चाक काढलं आणि चष्मा चढवून पाहिलं. डिस्क आरशासारखी लखलखत होती. नाव नव्हतं. दुसरं चाक काढलं. तिथेही नव्हतं.

"श्यामला," ते जिन्यातून वर ओरडले, "दोन्ही बदलल्या त्याने."

"मग आता?"

"आता धायरी. तिथून चौकी."

श्यामलाताई भांडण आवरायला निघाल्या. पण फियाटमध्ये नाही, मागून, आपल्या छोट्या गाडीतून. फियाट थांबायला शिकली, असं बाळरावांनी अजून सांगितलं नव्हतं. शब्द म्हणजे शब्द.

भीमराव कटिंग चहा पीत होता. आरोप ऐकून त्याने कप खाली ठेवला. "काका, तुमच्या नव्या डिस्क काढून मी दुसऱ्या नव्याच बसवल्या? मला काय डिस्कांचं डोहाळं लागल्यात?"

"माझं नाव होतं त्यांवर. कुठंय?"

"कुठं घातलं हुतं?"

"हे इथे. चकचकीत जागेवर."

भीमरावाने चाक उतरवलं होतं. तो डिस्ककडे आणि मग बाळरावांच्या पायाकडे बघत राहिला. "जिथं प्याड घासत्यात, तिथं? अवो, पाटीवर नाव लिवून वरनं बोळा फिरवला तर काय ऱ्हातंय?"

"तीन आठवड्यांत? लोखंडावरचं? कोणाला सांगतोस."

"एकशे चौदा," मागून श्यामलाताई म्हणाल्या.

"काय एकशे चौदा?"

"कर्वेनगरहून इथपर्यंत तुमचा मागचा लाल दिवा एकशे चौदा वेळा लागला. मी मोजत आले. सिंहगड रोडवर तर मला वाटलं, लग्नाची रोषणाई केलीय."

भीमरावाने चिंधी घेतली आणि डिस्कच्या मधल्या वाटीवरची काळी भुकटी पुसली. ही भुकटी म्हणजे ब्रेकचीच झीज, आणि ती शेंदरासारखी थापली गेली होती. खालून अक्षरं वर आली. भीमरावाने ती अडखळत वाचली. "सौ. श्या-म-ला हिज-कडून."

बाळरावांनी आधी भीमरावाकडे पाहिलं, मग बायकोकडे. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "श्यामला, तू ह्याला सामील आहेस?"

"हे संतोषचं अक्षर आहे," श्यामलाताई म्हणाल्या. "घरातल्या सगळ्या पातेल्यांवर हेच आहे. डिस्क तुमच्याच आहेत. नाव तेवढं तुम्ही स्वतःच्या पायाने पुसलंत."

बाळरावांनी वाकून पुन्हा पाहिलं. दुसरीकडचं चाक काढायला लावून तिथेही पाहिलं. तिथेही सौ. श्यामला.

"ब्रेक झकास हाय, काका," भीमराव चाकं बसवता बसवता म्हणाला. "पाय वाईट हाय. ह्या पायानं खंबाटकी उतरलात, तर प्याडांतनं धूर निघंल. उद्या गाडी काकूंनी चालवावी."

श्यामलाताईंनी हात पुढे केला. "किल्ली."

"अगं, पण क्लच..."

"ब्रेकवर नाव कोणाचं आहे?"

बाळरावांनी किल्ली दिली. भीमरावासमोर दुसरा पर्याय नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी पुसली, हार घातला, पुढे भीमरावाकडून घेतलेल्या नव्याकोऱ्या रबरी मॅट टाकल्या. ठरवल्याप्रमाणे सगळं झालं. फियाट साताऱ्याला निघाली, बायको शेजारी होती. फक्त बाजू बदलल्या होत्या. श्यामलाताईंनी पुणे ते सातारा मोजून अकरा वेळा ब्रेक मारला. बाळराव डाव्या सीटवर मांडीवर ओटीचं सामान घेऊन बसले होते आणि प्रत्येक वळणाला, प्रत्येक ट्रकला, खंबाटकीच्या उतारावर तर अखंड, उजवा पाय खाली रोवत होते. तिथे ब्रेक नव्हता. तरी रोवत होते.

तनया दारात उभी होती. श्यामलाताई उतरल्या, डबे उतरले. बाळराव मात्र गाडीत वाकून खाली पाहत होते. कालच घेतलेली मॅट मधोमध झिजून पार पातळ झाली होती.

त्यांनी शांतपणे खिशातून फोन काढला.

"भीमराव, खरं सांग. आमची नवी मॅट कुठंय?"