बुरुजाचे वजन

रजेचा अर्ज वाचून साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा डोळ्यांवर आणला आणि अर्ज उलटा करून मागची बाजू पाहिली. मागे काहीच नव्हते. पुढे मात्र स्वच्छ अक्षरात लिहिले होते की, वजन उतरवण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घ्यायची असल्याने रजा मिळावी.

"कोण करून घेणार? तुम्ही?"

"हो साहेब. मीच."

समोर उभा असलेला गृहस्थ पाणीपुरवठा कचेरीतला जुना कारकून होता, पण त्याला नावाने हाक मारणारे तिथे कोणी उरले नव्हते. सगळे त्याला बुरूज म्हणत. बुरूज दारात आला की खोलीतला उजेड आधी कमी होई आणि मग तो दिसे. दरवर्षी वीज कचेरीशी रस्सीखेचीचा सामना होई, तेव्हा दोराच्या शेवटच्या टोकाला कमरेभोवती वेढा घेऊन बुरूज उभा राही. तो उभा राहू लागला त्या वर्षापासून पाणीवाले हरले नव्हते. साहेबांच्या कपाटात फायलींपेक्षा चषक जास्त झाले होते.

"सामना पंधरवड्यावर आलाय आणि तुम्ही वजन उतरवणार? अहो, शत्रूसुद्धा असा डाव टाकत नाही!"

"सर्जरी सामन्यानंतर आहे साहेब. पण आधीचे दोन आठवडे नुसतं पातळ खायचं आणि सामन्याच्याच संध्याकाळी दवाखान्यात वजन करून दाखवायचं. पाच किलो उतरलं तर तारीख पक्की. नाहीतर रांगेतल्या पुढच्या माणसाला देतात."

एव्हाना खोलीत अर्धी कचेरी जमली होती. संघाचा कप्तान म्हणजे फिटर. तो पुढे सरसावला. "पण दादा, पोटात करतात काय नेमकं?"

"पोटाचा मोठा भाग कापून काढतात. राहते ती एक नळी. केळ्याएवढी."

"म्हणजे टाकी काढून टाकणार आणि नुसता पाइप ठेवणार?" फिटरने डोळे विस्फारले. "मग साठा कुठे करायचा?"

"साठा बंद. थेट पुरवठा."

सगळे खो खो हसले. बुरूजही हसला. गेल्या कित्येक वर्षांत तो इतका खुशीत नव्हता. नोकरीला लागला तेव्हा तो टाक्यांची तपासणी करायचा. उंच शिडी सरसर चढून टाकीच्या माथ्यावरच्या झाकणातून आत उतरायचा, आणि वर येऊन सगळे गाव पायाखाली पाहायचा. मग हळूहळू झाकण लहान होत गेले, असे तो म्हणे. एकदा तो त्यात कमरेपर्यंत अडकला, त्याला काढायला चौघे लागले, आणि दुसऱ्या दिवशी त्याची टेबलावर बदली झाली. आता त्याला पुन्हा वर जायचे होते. गुडघे, साखर, धाप ही कारणे त्याने डॉक्टरांना सांगितली होती. खरे कारण हे होते.

"आणि पुढच्या वर्षी दोराला कोणाला बांधू? तुमचा फोटो?" साहेब म्हणाले.

या विनोदावरही सगळे हसले, पण तो बुरुजाला टोचला. सबंध नोकरीत त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या त्या वर्षातून एकदाच, दोर सोडताना. वजन गेल्यावर आपले या कचेरीत काय उरणार, हा विचार त्याच्या मनात आला आणि तो त्याने घाईघाईने झटकून टाकला.

शेवटी तोड निघाली. सामना हरला नाही तर रजा मंजूर. हरला तर साहेब अर्ज हरवणार होते.

घरी बायकोचा उत्साह तर ओसंडून वाहत होता. तिने पहिल्याच दिवशी नवऱ्यासाठी तीन मापे लहान शर्ट आणून खुंटीला टांगला.

"अहो, हे घ्या सूप."

"अगं, यात काहीच नाही."

"आहे तर! सगळ्या भाज्या होत्या. मी गाळून घेतलंय."

"कितीदा?"

"डॉक्टर म्हणाले पातळ. आपल्याकडून कसर नको."

आठवडाभरात वजन भराभर उतरू लागले. कोठारातल्या मोठ्या काट्यावर फिटर रोज सकाळी बुरुजाला उभा करी, आणि काट्याबरोबर त्याचे तोंडही खाली येई. सरावात तर कहर झाला. कचेरीतल्याच सहा हडकुळ्या कारकुनांनी दोर ओढला आणि बुरूज फरफटत थेट गुलाबाच्या वाफ्यात जाऊन बसला. साहेब खिडकीतून पाहत होते. ते खुर्चीत मटकन बसले.

तिथे फिटरचे डोके चालले. "साहेब, बुरूज जेवढा ढासळेल तेवढी डागडुजी करायची. सोपं आहे."

कोठारात जुने पितळी पाण्याचे मीटर ढिगाने पडले होते. एकेक चांगला किलोभराचा. फिटरने ताडपत्रीचे एक बिनबाह्यांचे जॅकेट शिवून घेतले, त्याला पुढे-मागे खिसे लावले, आणि एक किलो उतरला की एक मीटर आत, असा हिशेब सुरू झाला. जॅकेट शर्टाच्या आतून घालायचे. वरून पाहणाऱ्याला बुरूज जसाच्या तसा.

"हे नियमात बसतं का?" बुरुजाने विचारले.

"नियमात मीटरबद्दल एक अक्षर नाही," साहेब म्हणाले. "मी स्वतः पाहिलंय."

जॅकेट फक्त सरावापुरते ठेवूनही भागेना. वीज कचेरीचा एक माणूस विजेचे मीटर तपासायच्या निमित्ताने दोनदा येऊन गेला आणि मीटरपेक्षा बुरुजाकडेच जास्त वेळ पाहत राहिला. तेव्हापासून बुरूज सकाळी यायचा तो जॅकेट चढवायचा आणि घरी जाताना उतरवायचा. पहिले दोन दिवस खांदे भरून आले. मग त्याची इतकी सवय झाली की जॅकेट नसले म्हणजे त्यालाच उघडे-उघडे वाटू लागले.

सामन्याच्या दिवशी मैदान खचाखच भरले होते. खिशांत पाच मीटर होतेच. फिटरने आणखी दोन कोंबले. "अडीअडचणीला असू देत, दादा." साहेबांनाही राहवेना. त्यांनी गर्दीत मागून येऊन बुरुजाची पाठ थोपटली आणि थोपटता थोपटता शर्टाखालून जॅकेटच्या पाठीच्या खिशात आपल्या हाताने एक मीटर सरकवला.

पलीकडच्या टोकाला वीजवाल्यांचा गडी उभा होता. तो लाइनमन होता आणि त्याला सगळे ट्रान्सफॉर्मर म्हणत. तो बुरुजाच्याच तोलाचा होता, गळ्यापर्यंत बटणे लावून, पाय रोवून उभा. चेहरा मात्र पांढराफटक.

शिट्टी वाजली. दोर ताणला गेला आणि तिथेच थांबला. इकडचे ओरडले, "हाण!" तिकडचे ओरडले, "ओढ!" पण मधली लाल चिंधी जागची हलेना. बुरुजाच्या टाचा मातीत रुतल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि त्या काजव्यांतही त्याला न गाळलेले सूप दिसले. ट्रान्सफॉर्मर तिकडे घामाने निथळत होता. साहेब तर रेषेबाहेर उभे राहून नुसती हवाच ओढत होते. शेवटी पंचच कंटाळले. त्यांनी शिट्टी वाजवून सामना बरोबरीत सोडवला.

"हरलो नाही! बुरूज ढळला नाही!" साहेबांनी धावत येऊन बुरुजाला कडकडून मिठी मारली, आणि लगेच मीटरवर आपटलेले नाक धरून मागे सरले. "रजा मंजूर!"

"दादा, दवाखाना!" फिटर ओरडला. "वेळ होत आली!"

मग जी धावपळ झाली तिला तोड नाही. कचेरीच्या गाडीत बुरुजाला पुढे बसवला, गाडी पुढून खाली बसली, आणि तशीच खडखडत निघाली. बुरूज जिना चढून धापा टाकत आत शिरला आणि थेट वजनकाट्यावर उभा राहिला. जॅकेट अंगात आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते.

नर्सने काटा पाहिला, कागद पाहिला, पुन्हा काटा पाहिला. "तीन किलो वाढलंय."

"काय?" बुरूज किंचाळला. "अहो, मी दोन आठवडे पाण्यावर आहे!"

डॉक्टरीणबाई आतून आल्या. बाई कडक होत्या. "सगळे असंच म्हणतात. सॉरी. सिस्टर, रांगेतले पुढचे कोण आहेत, त्यांना बोलवा."

दार उघडले आणि खेळाच्या कपड्यांत, मातीने माखलेला, गळ्यापर्यंत बटणे लावलेला ट्रान्सफॉर्मर आत आला. दोघे एकमेकांकडे बघतच राहिले.

"तुम्ही?"

"तुम्ही?"

"उभे राहा काट्यावर," बाई म्हणाल्या. ट्रान्सफॉर्मर उभा राहिला. "तुमचंही चार किलो वाढलंय! काय चाललंय काय?"

ट्रान्सफॉर्मरने कपाळावर हात मारला, बटणे काढली आणि कमरेला गुंडाळलेली जाडजूड तांब्याची तार सोडू लागला. तो गोल गोल फिरत होता आणि नर्स पलीकडचे टोक धरून तार गोळा करत होती. ते पाहून बुरुजाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याने शर्ट वर करून खिशांतून एकेक पितळी मीटर बाईंच्या टेबलावर मांडायला सुरुवात केली. टेबल करकरू लागले.

"हा दवाखाना आहे," बाई कशाबशा म्हणाल्या. "भंगाराचं दुकान नाही."

पुन्हा वजने झाली. ट्रान्सफॉर्मरचे पाच किलो उतरून वर थोडे जास्तच उतरले होते. बुरुजाचे भरले चार.

"एक किलो कमी पडतोय," बाई म्हणाल्या. आवाज आता मऊ होता, पण नियम तोच होता. "तारीख एकच आहे. ती यांना जाईल."

शिडी, झाकण, वरचा वारा, सगळे बुरुजाच्या डोळ्यांदेखत दूर गेले. मैदानात कधी आले नव्हते ते पाणी त्याच्या डोळ्यांत आले. त्याने ते लपवायला तोंड फिरवले.

"थांबा," ट्रान्सफॉर्मर म्हणाला. "तसेच वळून राहा."

तो पुढे झाला, बुरुजाच्या पाठीच्या खिशात हात घातला आणि एक मीटर बाहेर काढून टेबलावर ठेवला. "लपवलेले मीटर शोधायची आमच्या कचेरीला सवयच असते."

काटा पुन्हा पाहिला. पाच किलो उतरले होते.

बुरूज गर्रकन वळला. "अहो, पण तारीख तुम्हाला मिळत होती! एवढा मोठेपणा कशासाठी?"

ट्रान्सफॉर्मरने इकडेतिकडे पाहिले आणि त्याच्या कानाशी लागला. "मोठेपणा कसला डोंबलाचा! भीती वाटते हो मला. बाहेर बसून मी रांगेतला पुढचा, मी पुढचा म्हणत होतो तोवर ठीक होतं. आत बोलावलं आणि घरी पळावंसंच वाटलं. तुम्ही आधी जाऊन या. नीट उठून बसलात, हसलात, बोललात, की मग मी येतो."

इतके दिवस बुरुजाला तारीख हवी होती. तारखेच्या दिवशी खरोखरच आपले पोट कापणार आहेत, हे त्याला या क्षणी पहिल्यांदा कळले. वीज कचेरीच्या सगळ्या संघाने ओढूनही जो तसूभर हलला नव्हता, तो या एका वाक्याने हलला. त्याने बाक गाठला. शेजारी ट्रान्सफॉर्मरही बसला. बाक दोघांखाली वाकला.

"बाई," बुरूज चाचरत म्हणाला, "यांचं पण त्याच दिवशी नाही का होणार? म्हणजे... सोबत होईल."

"कोणाला?"

"त्यांना," दोघेही एकदम म्हणाले.

बाईंनी तोंडावर हात धरून हसू दाबले आणि वही उघडली. "ठीक आहे. त्या दिवशी उशिरापर्यंत थांबेन मी. एक सकाळी, एक दुपारी. शेजारशेजारच्या खाटा देते. पण ऐनवेळी पळून जायचं नाही." त्यांनी पेनाचे टोपण काढले. "बोला, सकाळी आधी कोण?"

दोघांनीही त्याच क्षणी एकमेकांकडे बोट दाखवले.