गुळगुळीत मूठ

सासऱ्यांनी जावईबापूंना काम सांगितले, आणि तेही आपल्या रिव्हॉल्व्हरचे! नेमबाजीच्या स्पर्धांसाठी बनवलेले असले रिव्हॉल्व्हर सहसा कुठे बघायला मिळायचे नाही. सासऱ्यांचा हात आता थरथरायचा, म्हणून सासूबाईंनी ते विकून टाकायचा घोशा लावला होता. रविवारी बंदुकांचा व्यापारी किंमत ठरवायला घरी येणार होता.

"जरा साफसूफ करून ठेवा," असे म्हणून सासऱ्यांनी लाकडी मूठ तेवढी काढून जावयाच्या हातात दिली.

जावईबापूंचा ऊर भरून आला. त्यांनी आपणहून दुरुस्त केलेले भिंतीवरचे घड्याळ एकाला बारा ठोके देऊ लागल्यापासून या घरात त्यांच्या हाती कुणी साधा स्क्रूड्रायव्हर दिला नव्हता. गेलेली पत परत मिळवायची हीच संधी होती.

मुठीची अवस्था मात्र बघवत नव्हती. एका बाजूला टेंगूळ, दुसऱ्या बाजूला खड्डा, अंगठ्यापाशी तर सगळेच वेडेवाकडे. त्यांनी तडक सुतार गाठला.

"साहेब, उंदरानं कुरतडलीय का?" सुताराने विचारले.

"काय झालंय कुणास ठाऊक. पण आता अशी करा, की बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत."

सुताराने टेंगूळ तासले, खड्डा बुजवला आणि वर झकास पॉलिश मारले. रविवारी सकाळी सासऱ्यांनी अवाक्षर न काढता ती मूठ बसवली.

व्यापाऱ्याने रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची खात्री केली, नळीत डोकावून पाहिले, चक्र फिरवले.

"वा! असलं रिव्हॉल्व्हर उभ्या आयुष्यात एकदाच बघितलं होतं. हौशी गिऱ्हाईक मागाल ती किंमत देईल!"

सासूबाई खुलल्या. जावईबापूंनी छाती पुढे काढली. मग व्यापाऱ्याने मूठ हातात धरली आणि त्याचा चेहरा पडला.

"ही मूठ कुणी केली?"

"मीच! म्हणजे, करून घेतली," जावईबापू म्हणाले.

"अहो, मग मूळची कुठाय? कारखान्यातला कारागीर नेमबाजाच्या पंजाचं माप घेऊन ती कोरायचा. हौशी माणसं पैसे मोजतात ते त्या टेंगळांचे आणि खड्ड्यांचे!"

जावईबापूंच्या पायाखालची जमीन सरकली. "तासली," ते कसेबसे म्हणाले.

व्यापाऱ्याने मग जी किंमत सांगितली, ती ऐकून सासरे ताडकन उठले. "एवढ्या कवडीमोलानं? हा माझ्या रिव्हॉल्व्हरचा अपमान आहे. नाही विकायचं, म्हणजे नाही!"

"घड्याळावर भागलं नव्हतं वाटतं!" सासूबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या आणि व्यापाऱ्याला दारापर्यंत सोडायला गेल्या.

सासऱ्यांनी जावयाला आतल्या खोलीत नेले आणि दार लावून घेतले.

"बाबा, चुकलं माझं. तुमच्या हाताची मूठ..."

"गेली तर गेली. हात तरी कुठे पहिला राहिलाय?" सासऱ्यांनी रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवले, किल्ली खिशात टाकली आणि भलामोठा सुस्कारा सोडला. "आठवडाभर देव पाण्यात घालून बसलो होतो हो! तुमच्या सासूबाईंना नाही म्हणायची माझी काय बिशाद? पण तुमच्यावर माझा पुरता भरवसा होता."

जावईबापूंच्या जिवात जीव आला. हे नक्की कौतुक होते की कसे, हे विचारायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

सासऱ्यांनी दाराकडे एकदा पाहिले आणि आवाज खाली आणला.

"पुढच्या आठवड्यात माझी जुनी स्कूटर बघायला गिऱ्हाईक येतंय. तेवढी जरा साफसूफ करून ठेवा."