बादलीवर ताणलेला मोजा

ऑफिसात त्याला सगळे सर्वज्ञ म्हणत. ही थट्टा आहे, एवढंच काय ते सर्वज्ञाला ठाऊक नव्हतं.

त्याची बायको कापडाच्या दुकानात काउंटरमागे दिवसभर उभी असायची. (बसलेल्या बाईकडून गिऱ्हाईक कापड घेत नाही, असं मालकाचं संशोधन.) तिच्या पोटरीवर निळ्या नसांच्या गाठी आल्या तेव्हा "बायकांचं काहीतरी असतंच," म्हणून सर्वज्ञाने पेपर उघडला. डॉक्टरांनी मात्र बजावलं, की उभ्याने काम करणाऱ्या कितीतरी जणांना हे होतं. नसांतल्या झडपा सैल पडतात आणि रक्त पायातच तुंबतं. दुर्लक्ष केलं तर जखम होते आणि ती भरता भरत नाही. रोज अंथरुणातून उठण्याआधी घट्ट मोजा चढवायचा. रक्त आलंच तर आडवं होऊन पाय उंच ठेवायचा आणि जखम दाबून धरायची.

मोजा चढवताना तिला घाम फुटायचा. आधीच तुंबलेलं रक्त, त्यात वरून आवळायचं? डॉक्टरच्या अकलेची कीव करत सर्वज्ञाने एका संध्याकाळी तो मोजा गुपचूप बादलीवर ताणून बसवला. (त्यालाही घाम फुटला, पण डोक्यात प्रकाश पडला नाही.)

सकाळी मोजा सर्रकन चढला. बायको उशीर झाला म्हणून तशीच पळाली. सर्वज्ञ गालात हसला.

दुपारी दुकानातून फोन आला. मोजा घसरून घोट्याशी गोळा झाला होता, उघड्या नसेला काउंटरची पत्र्याची कड लागली होती आणि रक्ताची धार लागली होती. सर्वज्ञ धावत पोहोचला. बायको फरशीवर आडवी, पाय कापडाच्या ताग्यांवर, आणि जखम तिची तिनेच दाबून धरलेली. सर्वज्ञाने रक्त पाहिलं मात्र, तो तिथेच कोसळला.

मालक धावत जाऊन शेजारून स्टूल घेऊन आला. बायको वर्षानुवर्षं मागत होती, ते. त्यावर सर्वज्ञाला बसवून पाणी पाजण्यात आलं.

बोलावून आणलेल्या डॉक्टरांनी आधी तिला पट्टी बांधली. दाबून धरलं म्हणून निभावलं, असं ते म्हणाले. मग मालकाने तळवे चोळायला वर सरकवलेल्या पँटखाली त्यांना सर्वज्ञाची पोटरी दिसली. तिच्यावरही तशाच निळ्या गाठी होत्या.

बादलीची हकीकत बाहेर आल्यावर बायकोने अबोला धरला. त्याचा मोजा घरी आला त्या सकाळी सर्वज्ञ पलंगावर धापा टाकत होता. मोजा टाचेच्या पुढे सरकत नव्हता.

"फारच घट्ट आहे गं हा," तो कळवळून म्हणाला.

पाय उशीवर ठेवून चहा पिता पिता बायकोने अबोला सोडला.

"या खेपेला बादली नको. तुमचं पोट आहे की."